सहावी दाढ

पहाटे चारला, बांगेच्या आधी,
कोमट पाण्यात पोटॅशचे खडे सोडतो.
रंग करवंदाच्या रसावर आला की हाक मारावी लागत नाही.
लुलुआ आपणहून उजवा पाय टपात ठेवते
आणि नखं भिजेस्तोवर
माझ्या टकलावर श्वास सोडत उभी राहते.

तिच्या कागदांत जन्मस्थान म्हणून नुसतं 'आशिया' लिहिलंय.
माझ्या व्हिसावरही गावाचं नाव चुकलंय.
त्यामुळे आमचं जमतं.

उम्म अल-कुवैनच्या वेशीवर, मीठ चढलेल्या जमिनीत
हे जुनं प्राणिसंग्रहालय.
एक घाफचं झाड, फवाऱ्याचे दोन पंखे,
आणि चाळीस वर्षांचं काँक्रीट, ज्यानं तिचे तळवे खाल्ले.
डॉक्टर कुरियनबाई भांडल्या तेव्हा कुठे बावीस ट्रक वाळू आली.
टेकून झोपता यावं म्हणून आम्ही तिचा उतार रचला.
सात महिने लुलुआनं त्याच्याकडे पाठ केली.
आठव्यात, एका रात्री, कॅमेऱ्यात दिसलं:
कलंडलेली, कान पडलेले, सोंड सैल.
गेली, म्हणून धावत सुटलो, एकाच पायात चप्पल.

घोरत होती.

हत्तीला जन्मात सहा वेळा दाढा येतात.
तिची सहावी झिजत आलीय, सातवी नसते.
म्हणून गवत बारीक कापायचं, भिजवायचं,
खजुराच्या बिया काढायच्या.
सुदानचा म्हातारा इद्रिस म्हणतो, आईला भरवावं तसं भरवतोस.
आईला मी कधी भरवलं?
तेरा वर्षांत चार चतुर्थ्या.

नजमा होती तिच्या जोडीला. नऊ वर्षं झाली.
तेव्हापासून दुपारी तीनला लुलुआ
पूर्वेच्या भिंतीशी जाऊन डोलते.
लोक म्हणतात, नाचतेय. मुलं टाळ्या पिटतात.
तिथे तीन भाषांत पाटी आहे: हा नाच नाही.
पाटीसमोरच फोटो काढतात.

समिती बसते, उठते.
नवी सोबतीण आणावी, तर पटेल का?
दूर कुठल्या रानात धाडावं, तर विमानात गुडघे टिकतील का?
सगळ्यांचंच बरोबर असतं.
मला कोणी विचारत नाही, ते बरंच आहे.
विचारलं तर काय सांगू?

काल दोडामार्गहून आईचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड केलेला:
"हत्ती इलो रे परत. एकटोच आसा.
कवाथे मोडल्यान, केळी आडवी केल्यान."
मागे पत्र्याचे डबे, फटाके, बापयांचे ओरडे,
आणि त्या सगळ्याच्या वर
एक लांब, फाटलेली हाक.

रात्री मी ती हाक तेवढी कापून घेतली, फटाके वगळून,
आणि कठड्याशी फोन धरला.

लुलुआचं चघळणं थांबलं.
कान दारासारखे उघडले.
पुढचा पाय उचलून अधांतरी तसाच ठेवला,
ज्या पायावर तोल सांभाळताना ती हल्ली कण्हते.
मग आली. सोंडेच्या टोकानं फोन चाचपला,
माझी मनगटं, खिसे, काखा.
कुठे लपवलंय, म्हणून.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या,
त्यांचं खरं बोलणं आपल्या कानांच्या खाली चालतं,
फोनमध्ये ते मावतच नाही.
म्हणजे मी तिला नुसती
शब्द काढून टाकलेली हाक ऐकवली.

तीन रात्री ती त्याच जागी उभी राहिली.
वाळूवर गेली नाही.
मी ते रेकॉर्डिंग पुसलं. पुसण्याआधी
एकदा कानाशी लावलं, हेही कबूल करतो.

चौथ्या दिवशी आईला फोन केला.
फटाके नको लावू, असं म्हणायचं मनात होतं.
पण केळी तिची. अंधार तिचा. हत्तीही तिचाच.
मी गप्प राहिलो तेव्हा तीच म्हणाली,
"तुजी ती म्हातारी कशी आसा? जेवता मां?"

जेवते, म्हटलं.
मऊ करून दिलं की जेवते.

टपातलं पाणी निवायला आलंय.
उजवा झाला. डावा पाय
तिनं अजून पुढे केलेला नाही.
मी बसून आहे.